पीळ

मराठी शिकवण्याचा धंदा पत्करल्यापासून मला एक खोड जडली आहे. कोणताही शब्द कानावर पडला की त्याला वर्गातल्या पोरासारखा बाकावर उभा करायचा, त्याचे सगेसोयरे विचारून घ्यायचे आणि मगच त्याला खाली बसू द्यायचे. 'पीळ' हा असाच एक शब्द. मिशीला पीळ असतो, दोराला पीळ असतो, तालमीत घुमणाऱ्या पोराच्या दंडाला पीळ असतो. लेकराचे दुखलेखुपले की आईच्या आतड्याला पीळ पडतो. सावकार करतो ती पिळवणूक. आणि कान पिळणे हा तर आमच्या लहानपणी साऱ्या शिक्षणशास्त्राचा पाया होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मी गेली पंधरा-वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. नायलॉनच्या दोरीच्या काळात जन्मलेल्या मुलांना सुंभ म्हणजे काय ते ठाऊक नसते. मग मी काथ्याच्या दोरीचे वर्णन करतो, ती जळाल्यावर राखेतही वळण कसे तसेच राहते ते सांगतो, आणि मुले मुकाट्याने उतरवून घेतात.

पण ह्या म्हणीचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, आणि तोही कोशातून नव्हे, तर कपडे धुण्याच्या यंत्रातून.

आम्ही मुकुंदवाडीत राहतो. हे एके काळी शहराबाहेरचे खेडे. शहर जालना रोडने पसरत पसरत आले, त्याने ह्या खेड्याला पोटात घातले आणि ते तसेच चिकलठाण्याच्या विमानतळाकडे चालते झाले. आता आमच्या गच्चीवर पापड वाळत असतात आणि त्यांच्यावरून विमाने जातात. मुकुंदवाडीला स्वतःचे रेल्वे स्टेशनही आहे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, त्याची नोंद सरकारने गॅझेटात केली. परंतु आमच्या गल्लीत कालगणना सनावळीने होत नसे. ती होई पाण्याच्या दिवसांनी. 'बबनरावांच्या मुलीचे लग्न मागल्या पाण्याला झाले', 'पाहुणे पुढल्या पाण्याला येणार', अशी आमची पंचांगे. कारण गेल्या वर्षी आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, आणि ते बहुधा अशा वेळी येई की चोरही झोपी गेलेले असावेत.

वास्तविक हे शहर पाण्याच्या बाबतीत मोठे खानदानी. सतराव्या शतकात मलिक अंबराने जमिनीच्या पोटातून नहरी काढून ह्याला पाणी पाजले. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पाणचक्की अशाच दुरून आणलेल्या पाण्याच्या जोरावर फिरत असे आणि फकिरांसाठी पीठ दळत असे. आमचे पाणी मात्र पैठणच्या नाथसागरातून, पन्नासएक किलोमीटरचा प्रवास करून येते. एवढ्या प्रवासाने माणूसही दमतो, मग पाण्याने मुकुंदवाडीला पोचेपर्यंत हाय खाल्ली तर त्याला दोष कसा द्यावा?

ह्या पाण्याशी आमच्या आईचे नाते निराळे आहे. तिचे माहेर गोदाकाठचे. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली तेव्हा ती नुकती लुगडे नेसू लागली होती. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, तोवर काठावरची कितीतरी गावे उठली होती आणि त्यांत तिचेही गाव होते. ज्या घाटावर ती मैत्रिणींबरोबर धुणे धूत असे, तो घाट आता नाथसागराच्या तळाशी आहे. म्हणून रात्री दोन वाजता नळ खोकू लागला की सगळ्यांच्या आधी आई उठते, आणि म्हणते, "आलं बाई, माझ्या माहेरचं पाणी आलं!" पहिला तांब्या ती तुळशीला घालते. मग बाकीच्यांनी बादल्या लावायच्या.

पाण्याच्या ह्या तऱ्हेमुळेच आमच्या घरी अर्धे स्वयंचलित यंत्र आले. दुकानदाराने आधी पूर्ण स्वयंचलित दाखवले होते. परंतु त्याला नळाचे पाणी दाबाने लागते, आणि आमच्या नळाला दाब कसला तो ठाऊक नाही. अर्धे स्वयंचलित म्हणजे दोन भांड्यांचा संसार. डावीकडच्या भांड्यात बादलीने पाणी ओतून कपडे धुवायचे, मग हाताने उचलून उजवीकडच्या भांड्यात टाकायचे. ते उजवीकडचे भांडे मिनिटाला हजाराहून अधिक गिरक्या घेते आणि कपड्यांतले पाणी भोकांवाटे बाहेर फेकते. साबणाचे एकच पाणी आधी पांढऱ्या कपड्यांना, मग रंगीत कपड्यांना, मग पायपुसण्यांना आणि शेवटी संडासात, अशा क्रमाने आमच्या घरी वापरले जाते. सौ. शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा घरातली विज्ञानशाखा तिच्याकडे आणि वाङ्मयशाखा माझ्याकडे, अशी आमची विभागणी आहे. यंत्र अर्थातच तिच्या शाखेत पडले.

आईने मात्र पहिल्याच दिवशी त्या यंत्राचा निकाल लावून टाकला होता. "डबड्यात कापडं धुत्यात म्हनं! मळ काय लाजून निघून जातो व्हय?" आपली दोन लुगडी आणि पोलकी तिने कधी त्याच्या स्वाधीन केली नाहीत. मोरीतल्या दगडावर ती ती स्वतः आपटायची, स्वतः पिळायची आणि गच्चीवर स्वतः वाळत घालायची. सौ.ने एकदोनदा सुचवून पाहिले. त्यावर, "माझं मी पिळीन. माझे हात काय मोडले न्हाईत अजून," एवढे उत्तर मिळाले. मला मनातून ह्याचा अभिमान वाटे. पंचाहत्तरी गाठली तरी आईच्या मनगटात काय जोर आहे, असे मी चारचौघांत सांगत असे.

तर, गेल्या दिवाळीच्या आधीची ती रात्र. नळ पावणेतीनला आला. घरातले पडदे, चादरी, अभ्रे, दोन गोधड्या आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला गालिचा, ह्या साऱ्यांचा ढीग धुण्यासाठी पडला होता. पहिला घाणा धुऊन झाला. सौ.ने पडदे उजव्या भांड्यात टाकले, झाकण लावले आणि बटण फिरवले. यंत्र गुणगुणले. नुसतेच गुणगुणले. एखादा गवई षड्ज लावून बसावा आणि त्याने पुढे गाऊच नये, तसा प्रकार झाला.

"फिरत नाही हो," सौ. म्हणाली.

"मी बघतो," मी म्हणालो. ही दोन वाक्ये संसारात किती अनर्थ घडवून आणतात, हे विवाहित वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी प्रथम यंत्राबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली. वाङ्मयशाखेची माणसे संकटात ग्रंथाकडे धावतात. पुस्तिकेत मराठी भाग होता, आणि तो असा होता: 'फिरकी कार्य न करत असल्यास झाकण अयोग्यरीत्या अनुपस्थित नसल्याची खात्री करणे.' मी हे वाक्य तीनदा वाचले. झाकण असावे की नसावे, आणि नसल्यास ते योग्यरीत्या नसावे की अयोग्यरीत्या, ह्याचा निर्णय होईना. एम.ए.ला मी भाषाशास्त्राचा पेपर घेतला होता, पण त्या वाक्याने मला घाम फोडला.

शेवटी सौ.ने पुस्तिका माझ्या हातून काढून घेतली आणि बोटे मोडत एकेक गोष्ट सांगितली. झाकण नीट बसले नाही तर आतला स्विच लागत नाही आणि भांडे फिरत नाही. कपडे एका बाजूला जास्त झाले तर तोल जातो. खालची पाण्याची नळी तुंबली किंवा उंच टेकवून ठेवली तर भांड्यात पाणी साचते आणि त्याला फिरता येत नाही. मी आज्ञाधारकपणे झाकण दहा वेळा उघडले व लावले, पडदे सारखे केले, नळी जमिनीवर आडवी केली, आणि दर खेपेला बटण फिरवून पाहिले. दर खेपेला तेच गुणगुणणे. सहाव्या-सातव्या खेपेला रबर जळाल्यासारखा वास आला, तेव्हा सौ.ने बटण बंद करून माझा हात धरला.

इकडे माहेरचे पाणी वाहून चालले होते. ते पुन्हा येणार आठवड्याने, आणि तोवर दिवाळी दारात. तेव्हा धुणे थांबवून चालणार नव्हते. पिळणे तेवढे हाताने करायचे ठरले. लहानसहान कपडे सौ.ने आणि मुलीने पिळले. गोधड्यांना दोन माणसे लागतात. मी आईकडे पाहिले. ह्या विषयात घरात अधिकारी व्यक्ती तीच.

आई क्षणभर घुटमळली. मग पदर खोचून पुढे झाली. एक टोक तिने धरले, एक मी. वाचकांपैकी ज्यांनी गोधडी पिळली असेल त्यांना ठाऊक आहे की दोघांनी उलट दिशांना पीळ द्यायचा असतो. म्हणजे दोघांच्या मध्ये त्या कापडाचा दोर वळला जातो आणि पाणी धारेने गळू लागते. मी पीळ दिला. पाणी गळेना. पुन्हा दिला. तरी गळेना. मी इकडून जितका पीळ घाली, तितकाच तो तिकडून, आईच्या मुठीतून, उलगडत होता. तिच्या हातातले टोक गिरकी घेत होते.

"आई, घट्ट धर ना!"

"तूच धर नीट. खडू धरून धरून तुझ्या हातातला जोर गेलाय," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. वर्गात उपयोगी पडेल म्हणून तो विनोद मनात टिपूनही ठेवला. शेवटी सौ. म्हणाली, "राहू द्या आई, तुम्ही तुळशीला पाणी घालून या," आणि तिने ते टोक आईच्या हातातून काढून घेतले. पहिला तांब्या तुळशीला केव्हाच घालून झाला होता, हे माझ्या लक्षात आले. पण त्या वेळी मला तो सौ.चा विसराळूपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती करणारा आला. चाळिशीचा गृहस्थ, चेहऱ्यावर चिंता नाही. पूर्वी पैठण रस्त्यावरच्या एका कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडल्यावर दुचाकीवर हत्यारांची पिशवी लावून घरोघर हिंडू लागला. त्याने आधी काय केले असेल, तर भिंतीतली पिन काढली. मी रात्रभर पिन तशीच ठेवून भांड्यात हात घालत होतो, हे ऐकल्यावर त्याने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी त्याच्या वर्गात असतो तर मला बाकावर उभे राहावे लागले असते.

"सर, आवाज येत होता ना?"

"येत होता."

"मग वीज पोचतेय. अजिबात आवाज नसता तर मी झाकणाचा स्विच, टायमर, वायर बघितली असती. गुणगुणतंय म्हणजे मोटारीला फिरायचंय, पण फिरता येत नाही. आता कारणं तीनच. एक तर कपॅसिटर गेला असेल, म्हणजे मोटारीला पहिला धक्का मिळत नाही. नाहीतर ब्रेक सुटत नसेल. नाहीतर काहीतरी अडकलंय."

मी थक्क झालो. एका आवाजावरून त्याने निम्मी कारणे बाद केली होती. कवितेचा अर्थ लावताना आधी ती काय म्हणत नाही ते काढून टाका, असे मी मुलांना सांगतो. पण इतक्या स्वच्छपणे मला ते कधी करून दाखवता आलेले नाही.

त्याने मागचा पत्रा काढला. झाकण उघडले की ब्रेक आवळला जातो आणि फिरते भांडे थांबते, झाकण लावले की ब्रेक सुटतो, हे त्याने मला बोट लावून दाखवले. ब्रेक व्यवस्थित सुटत होता. मग त्याने भांडे हाताने फिरवून पाहिले. ते जागचे हलेना. "कपॅसिटरची चूक नाही," तो म्हणाला. "हाताने फिरत नाही ते मोटारीने काय फिरणार? तुम्ही अजून चारदा चालू केलं असतं तर मोटार जळाली असती."

खालचे बोल्ट ढिले करून त्याने ते आतले भांडे उपसून वर काढले. खालच्या दांड्याभोवती काहीतरी गुंडाळले गेले होते. करकचून, दोरासारखे, पीळ पडून. त्याने पक्कडीने हळूहळू ते सोडवले, मोरीत खळबळले आणि उलगडून माझ्यापुढे धरले.

ते आईचे पोलके होते.

हिरवे, बारीक ठिपक्यांचे. दहा-बारा दिवसांपूर्वी ते गच्चीवरून नाहीसे झाले म्हणून घरात मोठा गहजब झाला होता. वाऱ्याने नेले असेल, माकडाने नेले असेल, असे तर्क झाले होते. मी शेजारच्या गच्च्यांवर डोकावून आलो होतो आणि एका माऊलीच्या रागाला पात्र झालो होतो.

"कपड्यांवर दाबून ठेवायची ती प्लॅस्टिकची चकती असते ना," दुरुस्ती करणारा सांगत होता, "ती ठेवली नाही की बारीक कपडा वर उडतो आणि दोन भांड्यांच्या फटीतून खाली जातो. लई घरी होतं असं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे माझ्याकडे लक्ष नव्हते; ती त्या पोलक्याकडे पाहत होती. जन्मात यंत्राला हात न लावणाऱ्या बाईचे पोलके यंत्राच्या पोटात कसे गेले, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला. शब्दाचा कान धरायची माझी खोड आहे, हे मी आरंभीच सांगितले आहे. मी तोंड उघडणार, इतक्यात सौ. शांतपणे म्हणाली, "अगं बाई! परवा मी घाईत वाळलेल्या कपड्यांबरोबर तुमचं पोलकं उचललं असेन आणि चुकून आत टाकलं असेल. आई, माझ्यामुळे तुम्हांला उगाच शोधाशोध."

"असू दे बाई," आई म्हणाली. "होतं असं." आणि ते पोलके घेऊन ती आत गेली.

दुरुस्तीचे साडेचारशे रुपये झाले. भांडे फिरू लागले. त्याची ती भिरभिर ऐकून मुलीने टाळ्या वाजवल्या.

रात्री मी सौ.ला विचारले. तेव्हा कळले ते असे. संक्रांतीपासून आईला पिळता येत नव्हते. मुठी आवळतच नव्हत्या. लुगडी वाळायला दोन दोन दिवस लागू लागले, त्यांना कुबट वास येऊ लागला, तेव्हाच सौ.ला शंका आली होती. मग एके दिवशी शाळा लवकर सुटली. ती घरी आली तर यंत्राचे उजवे भांडे अजून कोमट ओले, आणि गच्चीवर आईचे लुगडे खडखडीत पिळलेले. दुपारी घरात कोणी नसताना आई मोरीत धुणे धूत असे, आणि मग ते गुपचूप यंत्रात पिळून घेत असे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना विचारलं असतं."

"मग?"

"मग त्या थांबल्या असत्या. आणि पुन्हा हाताने पिळायला लागल्या असत्या."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मनगटाच्या जोराच्या गोष्टी चारचौघांत सांगत होतो तो मी. परवा रात्री गोधडीचे टोक हातातून निसटताना पाहून हसलो, तोही मीच. आणि ती माझ्या हसण्यात सामील झाली होती, कारण तिला तेच सोयीचे होते. सुंभ जळत चालला होता, आणि पीळ राखायला माझी आई काय काय करत होती, ते घरात एका भाषेच्या प्राध्यापकाखेरीज सर्वांना वाचता आले होते.

दुसऱ्या दिवशी मी एक काम केले. पुस्तिकेतले ते मराठी बाजूला ठेवून, एका कागदावर मोठ्या ठळक अक्षरांत चार ओळी लिहिल्या. 'एक: कपडे भांड्यात सगळीकडे सारखे पसरावेत. दोन: वर चकती दाबून ठेवावी. तीन: झाकण लावून मग बटण फिरवावे. चार: भांडे पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये.' प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो कागद मी यंत्राच्या झाकणावर चिकटवला. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, हरिपाठ वाचते.

"हे काय रे?" तिने विचारले.

"माझ्यासाठी आहे," मी म्हणालो. "मला काही लक्षात राहत नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि चष्मा लावून तिने चारही ओळी वाचल्या. चौथी दोनदा वाचली. माझे टीकालेख इतक्या एकाग्रतेने कोणी वाचल्याचे मला आठवत नाही.

दिवाळी झाली. पाडवा, भाऊबीज झाली. पुढच्या पाण्याच्या दिवशी कॉलेजात दोन तासांनंतर कसलीशी सुट्टी जाहीर झाली आणि मी भर दुपारी घरी आलो. जिना चढून दाराशी पोचलो, कडीला हात लावणार, तोच आतून आवाज आला. आधी गुणगुणणे, मग ती स्वच्छ, एकसारखी भिरभिर. आमचा पिळण्याचा टायमर पाच मिनिटांचा आहे.

मी पायरीवर बसलो. आवाज थांबला, झाकण उघडल्याचा खट्कन आवाज आला, मग अनवाणी पावले गच्चीच्या जिन्याकडे गेली. आणखी पाच-सात मिनिटे मी तसाच बसून राहिलो. मग जोरात कडी वाजवली.